कात्र्यांच्या घरात न कापलेली नाळ

माझं धाकटं घरातच झालं हे कळल्यापासून ब्लाउज टाकायला आलेल्या बायका माप देता देता हमखास विचारतात, "मग नाळ कशानं कापली गं?" आणि विचारताना त्यांची नजर मशीनवर ठेवलेल्या माझ्या मोठ्या कात्रीकडं जाते. मी सांगते, कापलीच नाही. जवळजवळ तासभर बाळ, नाळ आणि वार (नाळेच्या दुसऱ्या टोकाचा, पोटात बाळाला पोसणारा मांसल भाग) असं सगळं एकमेकांना धरूनच होतं. यावर निम्म्या जणी "अगं बाई!" करतात आणि उरलेल्यांना मी काहीतरी लपवतेय असं वाटतं. दर गिऱ्हाइकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. घरी बाळंत व्हायचं असं काही माझ्या मनात नव्हतं. प्रसूतिगृहात नाव घातलेलं होतं, धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं झालेली होती, पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. डॉक्टरांनी दिलेली तारीखही अजून पुढं होती. थोरलीच्या वेळी कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत रात्र गेली आणि वर निम्मा दिवस गेला, त्यामुळं घरात सगळ्यांचा हिशेब एकच: दुखायला लागलं की चहा घेऊन निवांत निघायचं.

पण तो दिवस अनंत चतुर्दशीचा निघाला आणि आमचं घर महाद्वार रोडला लागून असलेल्या बोळात. कोल्हापूरच्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे. बाहेरच्यांसाठी सांगते. मिरजकर तिकटीपासून बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश अशी विसर्जनाची मिरवणूक चालते आणि ती एका रात्रीत संपत नाही, दुसरा दिवस उजाडून वर येतो. रस्त्याला दोन्ही बाजूंनी कठडे, बोळांच्या तोंडाशी दुचाक्यांची दाटी, आणि मधनं मंडळं. लेझीम, झांजपथक, ढोल-ताशा इथपर्यंत ठीक. पण डॉल्बी समोर आली की आमच्या मांडणीवरची ताटं सरकत सरकत कडेला येतात. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, सणाच्या आधीच काचेच्या बरण्या खाली उतरवून ठेवतात.

हे मंडळाबरोबर गेलेले. थोरली माझ्या माहेरी, वडणग्याला. घरात मी, आत्ती आणि मिरवणूक बघायला म्हणून आमच्या गॅलरीत येऊन बसलेल्या शेजारच्या काकी.

संध्याकाळपासून कंबर भरून आली होती. नवरात्राच्या आधी ब्लाउजांची गर्दी असते, सारखं मशीनवर बसून तसं होत असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. रात्री दहाच्या सुमाराला कळ कंबरेतनं पुढं ओटीपोटात यायला लागली. काकींच्या मुलानं रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावला. गाडी निघाली, पण गर्दीतनं आत कुठपर्यंत येईल ते सांगता येईना. मुलगा ह्यांना शोधायला पळाला. ह्यांचा फोन खिशात वाजत असणार आणि डॉल्बीपुढं तो ऐकू येणं शक्य नव्हतं. अकराच्या पुढं, मी मशीनचा स्टँड धरून उभी असताना, पाणमोट फुटली. त्यानंतर पुढं काय होणार ते आमच्या कुणाच्या हातात राहिलं नाही.

सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. आत्ती म्हणाल्या, खुर्चीत बसवून पोरांकडून उचलून नेऊ. त्याच वेळी मला कळलं की बाळ खाली आलंय. हे कसं कळतं ते सांगता येत नाही, पण दुसरेपणाच्या बाईला विचारा, ती सांगेल. थांबवायचा प्रश्नच उरत नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पहिल्या कळेपासून तीन तासांच्या आत उरकणारी बाळंतपणं असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती जास्त दिसतात. अशा वेळी रस्त्यात होण्यापेक्षा घरात झालेलं बरं, असं प्रसूतिगृहातल्या सिस्टरही फोनवर म्हणाल्या.

आता तो फोन. डॉल्बीपुढं बाहेरच्या खोलीत एक अक्षर ऐकू येईना, म्हणून काकी फोन घेऊन न्हाणीघरात गेल्या आणि आतनं दार लावून घेतलं. सिस्टर काय सांगतायत ते ऐकायचं, दार उघडून ओरडून आम्हाला सांगायचं, आमचं उत्तर घेऊन परत आत. माझ्या बाळंतपणाचा सगळा कारभार असा न्हाणीघराच्या दारातनं चालला.

पहिले निरोप सोपे होते. आत्तींनी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. स्वच्छ धुतलेली कापडं काढायची. मी पाठीवर झोपायचं नाही. कुशीवर, नाहीतर गुडघ्यांवर. डोकं दिसलं की हातानं हलका आधार द्यायचा, दाबून धरायचं नाही आणि ओढायचं तर मुळीच नाही. मी गुडघ्यांवर होते, दोन्ही हातांनी मशीनचा स्टँड धरलेला. खाली जुन्या सुती साड्यांच्या घड्या. आत्ती मागं बसलेल्या, एका हातात मोबाइलची बॅटरी.

डोकं आलं आणि आत्तींचा आवाज बदलला. "गळ्याला नाळ हाय."

घाबरवणारं वाक्य आहे. आपल्याकडं नाळेच्या फासाच्या गोष्टी इतक्या ऐकलेल्या असतात की तिथंच हातपाय गळावेत. वस्तुस्थिती अशी की साधारण चार-पाच बाळांमागं एकाच्या मानेला नाळेचा वेढा असतोच, आणि बहुतेक वेळा तो सैल असतो. बाळ त्या वेळी गळ्यातनं श्वास घेतच नसतं; त्याला प्राणवायू नाळेतनं मिळत असतो. त्यामुळं धोका गळा आवळण्याचा कमी आणि नाळ ताणून तिच्यातलं रक्त अडण्याचा जास्त. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी काकी दारातनं ओरडल्या, "बोट घालून डोक्यावरनं काढा म्हणतायत, ओढू नका!" आणि आत्तींनी तेच केलं. वेढ्याखाली बोट सरकवलं, सैल केला आणि डोक्यावरनं अलगद मागं टाकला. तो निघाला नसता तरी बाळ वेढ्यासकट बाहेर येऊ शकतं आणि मग सोडवायचं असतं. घट्ट आहे म्हणून आतल्या आत कापायला जाणं हे घरातल्या माणसाचं काम नव्हे.

पुढच्या कळेला बाळ बाहेर. मुलगा. रडल्याचा आवाज मला आला नाही. त्याचं तोंड उघडलेलं दिसलं, एवढंच. रस्त्यावर बहुतेक सगळ्यात मोठं मंडळ आलं असावं, कारण खिडकीची तावदानं थडथडत होती. आत्तींनी पंच्यानं त्याला खसाखसा पुसलं, पाठ चोळली. निळसर अंग गुलाबी होत गेलं. तळवे मात्र बराच वेळ निळेच होते आणि ते तसे राहतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

मी वळून भिंतीला टेकून बसले. बाळ छातीशी घ्यायला गेले तर नाळ पोचेना. शिवणकामामुळं मला लांबीचा अंदाज पटकन येतो: जी बाहेर होती ती फार तर पंधरा इंच असेल. सगळी नाळ साधारण वीस-बावीस इंचांची असते, पण वार अजून पोटात असते तेव्हा तिची काही लांबी आतच असते. पहिल्यांदा हे कुणी सांगत नाही आणि माणूस नकळत बाळाला वर ओढतो. ताण जाणवला की थांबायचं. मी त्याला पोटावरच ठेवलं, वर कोरडा टॉवेल, त्यावर माझीच साडी, डोक्याला आत्तींचा धुतलेला रुमाल.

तेव्हा मी नाळ पहिल्यांदा नीट बघितली. थोरलीच्या वेळी दिसलीच नव्हती, पडद्याआड सगळं झालेलं. करंगळीहून जाड, ओली, पांढुरक्या कातडीतनं आतलं निळं दिसणारी, आणि पीळ दिलेली. अगदी परकराच्या नाडीला आपण पीळ देतो तशी. हाताला बुळबुळीत पण आतनं ताठ.

आणि घरात जो तो कापायच्या मागं.

आत्तींचं म्हणणं, लवकर तोडली नाही तर बाळाचं रगात आईकडं उलटं फिरतं. त्यांच्या वेळी सुईण दोऱ्यानं बांधून पात्यानं तोडायची आणि मगच बाळाकडं बघायची. काकींनी आत जाता जाता माझ्या मशीनचा खण उघडून कात्री काढून ठेवली होती. मोठी कात्री, मधली कात्री, धागे तोडायची छोटी कात्री, काज करायचं पातं. आमच्या घरात कापायच्या वस्तूंना काय तोटा? दोऱ्याच्या रिळांनी तर भिंत भरलेली. काकींनी सिस्टरांना विचारलं, दार उघडलं आणि ओरडल्या, "कापून टाका म्हणतायत!"

आत्तींनी कात्री उचलली. आदल्या दिवशी मी तिनं अस्तर कापलं होतं. पात्यावर खडूची पांढरी भुकटी होती आणि खिळ्याजवळ मशीनचं तेल. ती बघूनच असेल, मी म्हटलं, "आत्ती, थांबा. काकी, परत विचारा."

"अगं सांगितलं की त्यांनी!"

"परत विचारा. दार लावून नीट विचारा."

काकी आत गेल्या. त्या गेल्या तेवढा वेळ आत्ती कात्री धरून उभ्या आणि मी नाळेवर हात ठेवून बसलेली. दार उघडलं. काकींचा चेहरा उतरला होता. "कापू नका म्हणतायत. मला कापून टाका ऐकू आलं."

डॉल्बीच्या नावानं मी आजवर बरंच काही बोलले आहे, पण त्यातलं पहिलं कारण हेच.

मग सिस्टरांनी नीट सांगितलं आणि काकींनी या खेपेला शब्दन् शब्द परत म्हणून खातरी करून घेतली. नाळ कापायची घाई नसते. दवाखान्यातसुद्धा बाळ ठीक असेल तर निदान एक मिनिट, शक्य तर तीन मिनिटं थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं तसंच आहे. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्ताचा जवळजवळ तिसरा हिस्सा वारेत असतो आणि थांबलं तर त्यातलं ८० ते १०० मिलिलिटर बाळाकडं जातं. तीन किलोच्या जिवाला ते थोडं नाही. त्यातलं लोह पुढं कित्येक महिने पुरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, तेव्हा हे फुकटचं रक्त कापून टाकण्यात शहाणपण कुठलं? आत्तींच्या मनातली भीती नेमकी उलटी होती. थांबल्यानं रक्त बाळाकडं येतं.

घरात निर्जंतुक हत्यार नसेल तर मग एक-तीन मिनिटांचाही प्रश्न राहत नाही, कापायचंच नाही. धनुर्वाताचे जंतू धुळीत, मातीत, गंजात असतात आणि त्यांची बीजं थोड्या वेळच्या उकळीला दाद देत नाहीत. ताजी कापलेली नाळ म्हणजे थेट रक्तवाहिनीचं उघडं तोंड. एके काळी असल्या पात्यांनी आणि वर लावलेल्या राखेनं, शेणानं पोरं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावायची. २०१५ मध्ये भारतातनं बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं, त्यात इंजेक्शनांइतकाच वाटा स्वच्छ पात्याचा आणि स्वच्छ धाग्याचा आहे.

धाग्याबद्दल मला स्वतःला सांगायचंय. आपल्या शिलाईचा दोरा बारीक आणि कडक. नाळेचा बाहेरचा भाग जेलीसारखा मऊ. त्यावर बारीक दोरा आवळला तर तो बांधण्याऐवजी चिरत जाईल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सिस्टर म्हणाल्या, बांधायची वेळ एकाच कारणानं येईल: नाळ तुटली आणि रक्त यायला लागलं तर. तसं झालं तर बाळाकडच्या बाजूला चिमटीत घट्ट दाबून धरायचं आणि स्वच्छ, रुंद पट्टीनं आवळायचं. आत्तींनी न वापरलेल्या सुती फितीचा तुकडा काढून उशाशी ठेवला. लागला नाही.

पुढचा निरोप: "नाळ बेंबीजवळ धरा, ठोके लागतायत का बघा." मी दोन बोटांत धरली. ठोके लागत होते. पण ते लादीतनं लागत होते, भिंतीतनं लागत होते, माझ्या छातीत लागत होते. बाळाचे कुठले आणि डॉल्बीचे कुठले, कसं ओळखायचं? काकी बिचाऱ्या दारात उभ्या. मी म्हटलं, सांगा त्यांना, कळत नाही.

तेवढ्यात बारा वाजले. बाराला पोलिस आवाज बंद करायला लावतात आणि नेहमी आमच्या बोळातली पोरं त्यावर कुरकुरतात. डॉल्बी एकदम थांबली. माझ्या बोटांतला ठोका तसाच चालू होता. बारीक, भरभर, स्वतःच्या लयीत. आणि बाळाचं रडणंही तेव्हाच पहिल्यांदा कानावर आलं. काकींनी मनगटावरच्या घड्याळात बघून सहा सेकंद मोजले, मी ठोके मोजले: तेरा. सिस्टर म्हणाल्या, दहानं गुणा. एकशे तीस. नव्या बाळाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर असले म्हणजे काळजी नाही. दवाखान्यातही नाळेला असं धरून अंदाज घेतात.

बाहेर मंडळाच्या माईकवरनं ह्यांचं नाव पुकारलं गेलं, "असाल तिथनं ताबडतोब घरी जा." काकींच्या मुलाची ही हुशारी.

आता ऐकू येत होतं, म्हणून फोन स्पीकरवर टाकून बाहेर आणला आणि न्हाणीघराचा कारभार संपला. नाळ हळूहळू बदलत गेली. ठोका मंदावला, मग लागेनासा झाला. निळेपणा गेला, ताठपणा गेला, ती पांढरी आणि लिबलिबीत झाली. आतली जेली बाहेरच्या गारव्यानं फुगते, रक्तवाहिन्या आपोआप आवळतात आणि नाळ आतनं बंद होते. माणसानं काही करायच्या आधीच तिनं स्वतःचं काम संपवलेलं असतं. आत्ती हे सगळं बघत होत्या. त्यांनी कात्री उचलून परत खणात ठेवली, काही बोलल्या नाहीत.

वारेची पाळी आली तेव्हा मात्र बोलल्या. वार वर चढेल, नाळ मांडीला बांधून ठेवू या. नाहीतर वेणीचं टोक तोंडात घाल, उमासा आला की पडंल. सिस्टरांनी फोनवरनं, आवाज न चढवता पण ठामपणे, तीन गोष्टींना नाही म्हटलं: बांधायचं नाही, उमासे काढायचे नाहीत आणि नाळ धरून ओढायचं तर अजिबात नाही. वार वर चढत नसते. पण ती सुटायच्या आधी ओढली तर तुटून अर्धी आत राहते, किंवा गर्भपिशवीच उलटी बाहेर येते, आणि मग घरातलं कुणीही रक्त थांबवू शकत नाही. बाळाला पाजायला घे म्हणाल्या. तोपर्यंत नाळ सैल पडलेली होती, तो थोडा वर सरकला आणि आपणहून तोंड लावलं. पाजताना शरीरात ऑक्सिटोसिन तयार होतं, त्यानं पिशवी आवळते. खरोखरच दोन-चार मिनिटांत परत कळ आली. नाळ थोडी लांब झाली, रक्ताचा एक लोट आला, पोट हाताला गोल आणि टणक लागलं. वार सुटल्याची ही लक्षणं. मी उकिडवी बसले, थोडा जोर दिला आणि वार धुतलेल्या प्लॅस्टिकच्या टबात पडली.

अर्ध्या किलोच्या आसपासची, चपटी, जांभळी वस्तू. सुंदर म्हणवणार नाही, पण मी टक लावून बघितली हे खरं. आत्तींना ती पुरायची होती, आमच्या मागच्या परड्यात, जिथं ह्यांची पुरलेली आहे तिथं. सिस्टर म्हणाल्या, फेकू नका, पुरू नका, बरोबर घेऊन या; पूर्ण आहे का ते डॉक्टर बघतील. तुकडा आत राहिला तर पुढं रक्तस्राव होतो. मग टबातली वार स्वच्छ पिशवीत घातली, कापडात गुंडाळली आणि बाळाच्या शेजारी, त्याच्याच पातळीला ठेवली. नाळ तशीच, दोघांना जोडून. माझं पोट चोळत राहायचं काम काकींकडं आणि कापड किती भिजतंय त्यावर लक्ष आत्तींचं. पाच मिनिटांच्या आत घडी पूर्ण भिजली तर ते धोक्याचं, असं सांगितलेलं. तसं झालं नाही.

हे आले ते पायापासून केसांपर्यंत गुलालात. आत्तींनी त्यांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. "हितनंच बघ, लेका." लेक दारातनंच बाळाकडं आणि मग त्या पिशवीकडं बघत राहिला. "हे अजून चिकटलेलं कसं?" म्हणाले. उत्तर द्यायला मला त्राण नव्हतं. काकींनीच सगळं, पहिल्यापासून, आपल्या चुकलेल्या निरोपासकट सांगितलं.

रुग्णवाहिका निवृत्ती चौकापर्यंत आली होती. तिथनं डॉक्टर आणि मदतनीस पायी, स्ट्रेचर घेऊन. पुढं मंडळाची पोरं हाताची साखळी करून वाट काढत. याच पोरांवर डॉल्बीवरनं मी चिडते, आणि ह्याच पोरांनी एका मिनिटात रस्ता मोकळा केला. दोन्ही खरं आहे.

डॉक्टर तरुण होते. न कापलेली नाळ बघून त्यांना बरं वाटलेलं चेहऱ्यावर दिसलं. हातमोजे, बंद पाकिटातनं प्लॅस्टिकचे दोन चिमटे. एक बेंबीपासून दोन बोटं अंतरावर, दुसरा त्याच्या पुढं, आणि मधोमध निर्जंतुक कात्री. बेंबीला अगदी लगटून लावत नाहीत, कारण कधी कधी आतड्याचा भाग बुडाशी आलेला असतो. कात्री एका दमात गेली नाही, दोनदा दाबावी लागली. नाळ दिसते त्यापेक्षा चिवट असते. बाळ हललंसुद्धा नाही. नाळेला वेदनेच्या नसा नसतात, त्याला नाही आणि मलाही काही कळलं नाही. कापलेलं टोक त्यांनी उजेडात धरून बघितलं: दोन बारीक धमन्या, एक मोठी नीला. एकच धमनी असली तर मूत्रपिंड, हृदय तपासून घेतात. मला मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं आणि आम्ही निघालो.

दवाखान्यातलं थोडक्यात. वार पूर्ण होती. मला दोन टाके पडले. बाळाला रक्त गोठण्यासाठी के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि पहिल्या लसी मिळाल्या. वार पिवळ्या पिशवीत गेली, जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमाप्रमाणे. आत्तींना ते आजही पटलेलं नाही.

घरी आल्यावर उरलेल्या तुकड्यावरनं पुन्हा रामायण. बघायला येणारी प्रत्येक बाई काहीतरी लावायला सांगायची: हळद, खोबरेल, पावडर, कुणी शेगडीतली राख. काहीही लावायचं नव्हतं. कोरडं ठेवायचं, लंगोट खाली दुमडून वारा लागू द्यायचा, ओलं झालं तर स्वच्छ पाण्यानं पुसून सुकवायचं. बुडाशी लाली, सूज, पू किंवा घाण वास आला तर लगेच दवाखाना. या खेपेला माझ्या बाजूनं भांडल्या त्या आत्ती. "सिस्टरनी न्हाई म्हटलंय," एवढ्या एका वाक्यावर त्यांनी जाऊबाईंची हळदीची वाटी परत पाठवली. तुकडा काळा पडला, वाळला आणि साधारण आठवड्याभरानं लंगोटात सापडला. पाच ते पंधरा दिवसांत कधीही पडतो.

एका गिऱ्हाइकानं मला विचारलं, परदेशात म्हणे मुद्दाम वार तशीच ठेवतात, आपोआप गळून पडेपर्यंत. तूही ठेवली असतीस की? नाही. वार बाहेर आली की ती मेलेलं मांस असते आणि दिवसेंदिवस बाळाला जोडून ठेवली तर कुजते. आमची तासाभराची सोय होती, डॉक्टर येईपर्यंतची.

शेवटचं काम नोंदणीचं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची नोंद दवाखाना पाठवतो. घरी जन्मलं तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणं घरच्या कर्त्या माणसानं २१ दिवसांच्या आत कळवायचं असतं. हे महापालिकेत गेले, बरोबर हट्टानं आत्ती. अर्जात प्रसूतीच्या वेळी मदत कुणाची हा रकाना असतो: सरकारी संस्था, खाजगी संस्था, डॉक्टर-नर्स, सुईण, आणि शेवटी नातेवाईक किंवा इतर. कारकुनानं शेवटच्यावर खूण केली. आत्तींनी विचारलं, नाव लिव्हत न्हाई व्हय? त्यानं सांगितलं, आजी, नावाला जागा नाही. काकींचं तरी लिव्हा म्हणाल्या. तेही झालं नाही. जन्मठिकाण म्हणून घराचा पत्ता लागला आणि दाखला मिळाला.